गाळ परत पाठवणारी फुई

रस्त्यावर मागून गाडी आली की माणसं बाजूला होतात. आमची फुई होत नसे. डोक्यावर भाताची गोण असो की काखेत कोंबडी, ती डांबरी रस्त्याच्या बरोबर मधून चालायची आणि जव्हारहून येणारी जीप तिच्या मागं बैलगाडीच्या चालीनं सरकत राहायची. हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हर थकला की ती थांबायची, सावकाश वळायची आणि विचारायची, "तुला कसाची घाई? हा रस्ता आमच्या खाचरातून काढला, तवा मना कोणी इचारला व्हता?" यात थाप काहीच नव्हती. माझ्या आजाचं एक चांगलं पिकतं खाचर त्या रस्त्याखाली गेलं होतं. पुढं पुढं जीपवाल्यांना तिची इतकी सवय झाली, की ती दिसली की ते लांबूनच इंजिन बंद करून विडी पेटवायचे.

आमच्याकडं आत्याला फुई म्हणतात. ती माझ्या बापाची थोरली बहीण. पण पाच-सहा पाड्यांवरची लहानथोर माणसं तिला तोंडावर फुई म्हणत आणि पाठीमागं मुकादम फुई. नवऱ्यानं दुसरी बायको आणली त्या दिवशी तिनं आपलं पातेलं, आपला कोयता आणि आपली कोंबडी उचलली नि माहेरी निघून आली. लोक समजूत घालायला आले. "दोघी ऱ्हावा, काम वाटून घ्या," असं कुणीतरी म्हणालं. "वाटून घ्यायला नवरा काय विडी आहा?" फुईनं विचारलं. आजानं तिला दोन खाचरं काढून दिली. ती तिनं एकटीनं कसली.

दोन खाचरांवर नि माळावरच्या नागलीवर माणूस पावसाळा काढतो, वर्ष काढत नाही. म्हणून भातकापणी आटोपून दिवाळी झाली की आमची माणसं 'जगायला' जातात. मजुरीसाठी गाव सोडण्याला आमच्याकडं हाच शब्द आहे. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी रेतीवर, कुणी खाली बंदरपट्टीला. बंदरपट्टी म्हणजे समुद्राकाठचा मुलूख, आम्ही जंगलपट्टीचे. बंदरपट्टीला जाणाऱ्या टोळीची फुई मुकादम होती. बाईमाणूस मुकादम असणं तेव्हा कुठं ऐकिवात नव्हतं. ती झाली कशी, तर आधीचा मुकादम एकदा दारू पिऊन टोळीला स्टेशनावर सोडून गायब झाला. फुई सगळ्यांना घेऊन कामावर पोचली नि ठेकेदाराला म्हणाली, "मुकादम हरवला. आता मी आहा." ठेकेदाराला माणसं हवी होती, ती समोर उभी होती. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

तहसीलदार असो की देव, तिच्या तोंडी सगळ्यांना 'तू'. मी डी.एड. करून आमच्याच पाड्यावरच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा मला याचा फार त्रास व्हायचा. तपासणीला आलेल्या साहेबांना ती म्हणाली, "बस रे, दमला असशील." साहेब गेल्यावर मी तिला समजावलं, "फुई, साहेबांना तुम्ही म्हणायचं असतं." तिनं जरा विचार केला. "एकटाच व्हता ना तो?" ती म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला.

कुपोषणानं मुलं दगावली म्हणून आमच्याकडच्या वावर-वांगणीची नावं पेपरात आली, त्यानंतरची ती वर्षं. ज्या रस्त्यावर एरवी निवडणुकीलाच परकी गाडी दिसायची तिथं रोज धुरळा उडू लागला. दुधाची पावडर आली, जुने कपडे आले, शहरात कुणाला तरी नको झालेले स्वेटर आले. चांगली माणसंही आली. काहींनी खरोखर मुलं वाचवली, त्यांना नावं ठेवणार नाही. पण आमच्या लोकांना एक खोड लागली. गाडी थांबली की आधी रांग लावायची आणि काय आलंय ते रांगेत उभं राहिल्यावर विचारायचं. फुई रांगेत उभी राहत नसे. एकदा टेम्पोतून उंच टाचांच्या चपला आल्या. आमच्या डोंगरावर! फुईनं त्यातली एक उलटसुलट करून पाहिली नि वाटणाऱ्या बाईंना म्हणाली, "बाय, ही घालून तू माझ्यासंगती पाण्याला चल. पोचलीस तर मी पण घेईन." बाई ओशाळून हसल्या. पाड्यावरची माणसं मात्र फुईवरच चिडली, कारण पुढच्या खेपेला गाडी आलीच नाही तर? "नाय आली तर नाय आली," ती म्हणाली. "लोकांना नको झाला ता टाकायला आपून काय उकिरडा आहू?"

त्याच सुमाराला तिच्या टोळीला खाडीतला गाळ काढायचं काम मिळालं. बंदरपट्टीच्या एका कोळीगावाचं बंदर गाळानं भरून आलं होतं. ओहोटीला होड्या चिखलात कलंडून पडायच्या आणि माणसं भरतीची वाट बघत काठावर बसायची. मोठं यंत्र त्या अरुंद खाडीत शिरत नव्हतं. म्हणून ओहोटी लागली की टोळीनं उतरायचं, फावड्यानं चिखल घमेल्यात ओढायचा आणि काठावर नेऊन टाकायचा. चिखल काळाभोर नि तुपकट. त्याचा वास जेवताना हाताला यायचा. खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने होते आणि त्यांचे नाले खाडीलाच मिळत होते, पण ते तेव्हा आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फुईच्या डोक्यात भलतंच आलं. आमच्या डोंगरात गाळ म्हणजे लक्ष्मी. ओहळाचा, डबक्याचा गाळ उन्हाळ्यात डोक्यावर वाहून राबावर टाकायचा, ही पिढ्यांची रीत आहे. राब म्हणजे भाताचं रोप काढायचा तुकडा. त्यावर पालापाचोळा नि शेण पसरून जाळतात आणि पावसाच्या तोंडाशी तिथं पेरतात. ज्याच्या राबावर गाळ, त्याचं रोप सगळ्यांआधी हिरवंगार. आणि इथं तर काळ्या गाळाचा ढीगच्या ढीग पडलेला, वर कोळी म्हणत होते, न्या हवा तेवढा! शिमग्याला परतताना कुणी मीठ आणतं, कुणी सुकी मासळी. आमच्या मुकादमीणबाईंनी गोणी भरभरून चिखल आणला. नुसती मिरवत होती. लग्नाला अंगण सारवावं तसा तिनं तो हातानं राबावर पसरला.

पाऊस पडला. सगळ्यांच्या राबावर रोप उठलं. फुईच्या राबावर तांबूस सुया उठल्या आणि चार दिवसांत माना टाकून मेल्या. भगत म्हणाला, गावदेवाचा कोप आहे, कोंबडं द्यावं लागेल. शेजारणी म्हणाल्या, बियाणं जुनं असेल. सुटायच्या इतक्या वाटा लोकांनी तिला दाखवल्या, तिनं एकही धरली नाही. पाड्याच्या मधोमध उभी राहून तिनं सांगितलं, "देवाचा काय नाय चुकला. बियाणा पण बेस व्हता. चिखल मी आणला, अक्कल माझी गेली." मग टोपली घेऊन दारोदार रोप मागायला निघाली. दुसऱ्याचं उरलेलं रोप मागणं ही आमच्यात मोठी नामुष्की. बायका तिन्हीसांजेला, पदर पुढं ओढून जातात. फुई भर सकाळी दारात उभी राहून ओरडायची, "रोप दे! नि माझ्यावाणी गाढवपणा करू नको." लोकांनी रोप दिलं आणि पोट धरून हसलेही. ती ते हसू ऐकून घ्यायची आणि पुढच्या दाराला जायची.

दुसऱ्या हिवाळ्यात ती खाली गेली ती भांडायच्या तयारीनंच. बंदराच्या कामावर एक तरुण इंजिनिअर होता. त्याला तिनं गाठलं. "तुझ्या चिखलानं माझा राब मारला. त्यात काय आहा ता सांग." पोरगा सरळ होता, त्यानं टाळाटाळ केली नाही. "मावशी, मीठ तर आहेच, रोप बहुतेक मिठानंच मेलं," तो म्हणाला. "पण नुसतं मीठ नाही. कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं येऊन त्यात बसलंय. आम्ही तपासून घेतलंय. खरं सांगू? रोप मेलं ते बरं झालं. जगलं असतं तर तो भात तुम्ही खाल्ला असता." हे शेवटचं वाक्य फुईनं मला पुढं किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. रोप मेलं तेव्हा ती रडली नव्हती. ते जगलं असतं तर, या विचारानं मात्र ती पुढ्यातलं ताट सारायची. तिचं बघून सगळ्यांनीच तो गाळ आणला असता, नि ज्या घरांनी तिला रोप दिलं त्या घरांतली पोरं तिच्या डोळ्यांपुढं यायची.

तिनं पहिली मागणी केली ती टोळीसाठी गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांची. त्या चिखलात उभं राहून बायकांच्या पोटऱ्यांना चट्टे उठले होते. ठेकेदार हसला. "तुमची माणसं जंगलात अनवाणी फिरतात, त्यांना बूट कशाला?" "जंगलात काटा हाय, त्याला औषध हाय," फुई म्हणाली. "तू उतर चिखलात अनवाणी, मग आपून बोलू." आणि ओहोटी लागली तरी टोळी काठावर बसून राहिली. पाणी परत चढलं, दिवस फुकट गेला, दुसऱ्या दिवशीही तेच. मग बूट आले. फुईला ते इतके आवडले की तिनं ते पायांतून काढलेच नाहीत. माझ्या चुलतभावाच्या लग्नात ती ते बूट घालून तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचली. लोक नवरीकडं कमी नि तिच्या पायांकडं जास्त बघत होते, आणि नवरी तेव्हापासून तिच्यावर रुसून होती ती कायमचीच.

शिमगा झाला. माणसं घरी परतली, राबासाठी पाला तोडणं सुरू झालं. एका सकाळी शाळेत प्रार्थना चालू असताना मला चढणीवर जड गाड्यांचा आवाज आला. ताडपत्री घातलेले तीन डंपर होते. त्यांच्याआधी त्यांचा वास आला, आणि टोळीत गेलेल्या प्रत्येकाला तो ओळखीचा होता. पुढच्या केबिनमध्ये आमचे सरपंच बसले होते. ठेकेदारानं त्यांना सांगितलं होतं, खाडीचं खत आहे, फुकट आहे, पाहिजे तेवढं पाठवतो. खरी गोष्ट अशी, की काठावर साठलेल्या त्या ढिगाचं करायचं काय हा ठेकेदाराच्या गळ्यातला धोंडा होता आणि तो त्याला आमच्या गळ्यात बांधायचा होता. लोकांनी टोपल्या घेऊन रांग लावलीसुद्धा. आज लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

फुई पाल्याचा भारा टाकून चालत आली, रस्त्याच्या मधून, बूट घालून, आणि पहिल्या डंपरच्या तोंडाशी उभी राहिली. ड्रायव्हर उत्तरेकडचा होता. "माताजी, हटो ना," तो हात जोडून म्हणाला. फुईनं त्याला हातानंच गप्प केलं. तिचं काम सरपंचांशी होतं.

"खाली उतर. यात काय आहा ता तुला ठाव आहा का?"

"खत आहे, फुई. तुझ्या राबावर मीठ जास्त झालं असेल. पहिल्या पावसात मीठ धुऊन जातं, शेठनी सांगितलंय."

"धुऊन कुठं जाईल? ओहळात. ओहळाचा पाणी कोण पितो? तुझा शेठ?"

रांगेतून एक बाई ओरडली, "तुझा राब मेला म्हणून आमच्या पोटावर कसाला येतेस?"

ते तिला लागलं. मी तिच्या बाजूला उभी होते, मला दिसलं. पण ती हलली नाही. "हां, माझा मेला," ती म्हणाली. "सगळ्यांचा मेला तर रोप मागायला कोणाच्या दारी जाशील? आपून वाकून वाकून हा चिखल काढला. आपून घरी आलो, नि हा आपल्या मागून आपल्या घरी आला! का, तर यांना कोणी नाय म्हणत नाय. मी म्हणते. नाय!"

मग तिनं तीन दगड आणले, डंपरच्या पुढच्या चाकासमोर मांडले, काटक्या पेटवल्या आणि नागलीची भाकरी थापायला बसली. मी मुलांना घरी सोडलं नि तिच्याजवळ जाऊन बसले. सरपंचांनी मला आठवण करून दिली, की माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. मी म्हटलं, पीठ मळून द्या नाहीतर बाजूला व्हा. असं उत्तर माझ्या तोंडून येईल हे मलाच ठाऊक नव्हतं. ऊन वर आलं तशी एकेक बाई टोपली ठेवून पिठाचं भांडं घेऊन आली. सगळ्यात आधी कोण आली सांगू? मघाशी ओरडलेली तीच. दुपारी तिन्ही ड्रायव्हर आमच्याबरोबर भाकरी नि मिरची खाऊन गाड्या वळवायला लागले.

आम्हाला वाटलं, जिंकलो. फुई म्हणाली, "हे वळतील नि घाटात कुठंतरी ओतून मोकळे होतील. सुमे, चल," आणि चुलीवर पाणी मारून ती पहिल्या डंपरच्या केबिनमध्ये चढली. तिनं हात धरून ओढलं म्हणून मीही चढले. चिखलाच्या राखणीला दोन बाया बसून चिखल समुद्राकडं निघाला.

खाली आमचं स्वागत कोळणींनी केलं. त्यातली एक थोराड, नाकात सोन्याची फुली, आवाज फुईपेक्षा एक पट्टी वर. "अगो, बला टळली म्हणून नारळ फोडला आमी, नि तू परत घेऊन आलीस? हितं नको!" फुई म्हणाली, तुमच्याच दाराचा आहे. कोळीण म्हणाली, आमच्या दाराचा नव्हे, कारखान्याच्या दाराचा. दोघी हमरीतुमरीवर आल्या. तेवढ्यात ठेकेदार आला नि समजूतदार माणसासारखा म्हणाला, "भांडता कशाला? उधाणाच्या भरतीला ढकलून देऊ पाण्यात. समुद्र मोठा आहे."

एका क्षणात दोन्ही बाया भांडण सोडून त्याच्याकडं वळल्या. "दर्या मोठा," कोळीण म्हणाली, "पण मासळीची पिल्लं काठाशी वाढतात रे, मुडद्या." फुई म्हणाली, "डोंगरावर नाय, दर्यात नाय. घाण झाली अठं, तिला घर पण अठंच बांध."

इंजिनिअर तोवर येऊन मागं उभा होता. तो म्हणाला, कामाच्या करारात तसं ठरलेलंच आहे. गाळ खड्ड्यांत निवळू द्यायचा, त्यातली चांगली रेती वेगळी काढायची आणि उरलेला वाईट गाळ सिमेंट नि भट्टीची राख घालून पक्क्या ठोकळ्यांत बांधून टाकायचा. ते ठोकळे नव्या धक्क्याच्या भिंतीमागं भरायचे, म्हणजे विष भिंतीत अडकून राहतं, पाण्यात सुटत नाही. ठेकेदार घाम पुसत म्हणाला, करणारच होतो, पण पावसाळा तोंडावर आलाय, माणसं कुठायत? त्याला वाटलं असावं, राबाच्या दिवसांत डोंगरातून चिटपाखरूही खाली यायचं नाही.

"माणसा मी आणते," फुई म्हणाली.

ती बोलून बसली खरी, पण राब जाळायच्या दिवसांत घर सोडायला सांगणं म्हणजे आमच्या माणसाला वर्षाचं जेवण सोडायला सांगणं. निम्मी टोळी आली नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. जी आली त्यांच्या घरी बाकीच्यांनी पाला तोडून दिला. सुट्टी लागल्यावर मीही गेले. काम साधं होतं, फक्त घाई करून भागत नव्हतं. खणायच्या जागेभोवती बांबू रोवून जाड कापडाचा पडदा पाण्यात सोडायचा, म्हणजे ढवळलेलं काळं पाणी बाहेर पसरत नाही. तळाला जाड प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यांत गाळ टाकायचा नि थांबायचं. वरचं पाणी रेतीच्या थरातून गाळून घ्यायचं, तपासायचं, मग सोडायचं. ठेकेदाराचा माणूस पडदा उचलून काम उरकायला बघायचा. फुई त्या बांबूला टेकून उभी असायची. "पडदा हाय तवर काम हाय," ती म्हणायची. थोराड कोळीण रोज आमच्यासाठी कालवण घेऊन यायची आणि रोज फुईशी भांडायची, कारण फुई त्यात मिरची कमी आहे म्हणायची.

पहिले ठोकळे वाळले तेव्हा टोळीतल्या एकानं दोन उचलले, घरी चुलीसाठी. चांगले चौकोनी, गुळगुळीत होते, कुणालाही मोह पडावा. फुईनं ते त्याच्या गाठोड्यातून काढले. "साहेब म्हणतो, फुटला की आतला बाहेर आला. एक ढेकूळ पण डोंगर चढणार नाय," ती म्हणाली. "मी मेली तरी नाय."

पावसाआधी ढीग संपला. बंदरात ओहोटीलाही होड्या तरंगायला लागल्या. त्या वर्षी फुईचा स्वतःचा राब जळलाच नाही. तिची दोन्ही खाचरं पडीक राहिली, त्यांत नुसतं गवत उगवलं, आणि ज्या रस्त्यावरून ती ऐटीत चालायची तिथून ते गवत सगळ्यांना दिसायचं. पुढच्या दिवाळीला ठेकेदारानं टोळी दुसऱ्याच माणसाला दिली. तिच्या हाताखाली वाढलेली माणसं मान खाली घालून त्याच्या ट्रकात बसली. ती थोर मनाची वगैरे अजिबात नव्हती. त्यांतल्या काहींशी ती दोन-दोन वर्षं बोलली नाही, आणि बोलली तेव्हा शिव्याच दिल्या. पण गाडी आली की पाड्यावरची माणसं आता रांगेआधी विचारू लागली, "काय आहा? कुठून आणला?" ते ऐकून ती ओटीवर बसल्या बसल्या खाकरायची. एवढाच तिचा आनंद.

काही वर्षांनी ती गेली. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. ताप आला, दाभोशाकडची जीप मिळून जव्हारला पोचेपर्यंत उशीर झाला. चिखलामुळं गेली असं म्हणावंसं मला पुष्कळदा वाटतं. पण मला ते माहीत नाही आणि माहीत नसलेलं बोललेलं तिला खपलं नसतं. वयही झालं होतं.

आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं दगड बसवतात, त्याला चिरा म्हणतात. पीक निघाल्यावर तिचा चिरा बसवायचा ठरला. त्या दिवशी बंदरपट्टीहून टेम्पो आला. थोराड कोळीण काठी टेकत उतरली. तिच्यामागं पाच-सहा जणी, नऊवारी नेसून, गजरे माळून. टेम्पोत आम्ही उपसलेल्या खाडीच्या गाळाचा ठोकळा होता. धक्क्याच्या कामातून उरलेला, धुतलेला, हळदकुंकू लावलेला. त्यावर कुणी तरी होडी कोरून घेतली होती. "तिच्या नावाचा चिरा हाच," कोळीण म्हणाली. "आमच्या गावानं दिलाय." सरपंचांचे डोळे भरून आले, भगतानं जागा साफ केली, माणसांनी तो उतरवायला हात लावले. इतकं सुंदर काही आमच्या पाड्यावर कुणी कुणासाठी आणलं नव्हतं.

मी टेम्पोच्या फळीला हात लावून उभी राहिले. "उतरवायचा नाही," मी म्हटलं.

"अगो पोरी, तिच्यासाठी आणलाय," कोळीण म्हणाली.

"म्हणूनच नाही. तिनं हा डोंगरावरून परत पाठवला. तिच्याच नावानं मी तो आत घेणार नाही."

कुणीतरी मला म्हणालं, एका ठोकळ्यानं काय होतंय, पक्का बांधलेला आहे. कुणी म्हणालं, मास्तरीण माजली. पाहुण्या बायका अपमानानं लाल झाल्या होत्या, पण मी फळीवरचा हात काढला नाही. म्हातारी कोळणीनं पदर खोचला, ठोकळ्यावरचा झेंडूचा हार काढला आणि माझ्या हातात दिला. "याच्यात इख नाय," ती म्हणाली, "हा तरी घाल तिला." आणि ड्रायव्हरला म्हणाली, गाडी वळव.

आम्ही ओहळातला एक काळा दगड आणून बसवला नि त्याला तो हार घातला. कोळणी थांबल्या, जेवल्या, मिरची जास्त झाली म्हणून भांडल्या. ऊन उतरल्यावर टेम्पो निघाला. उताराच्या वळणाआड तो ठोकळा दिसेनासा होईपर्यंत मी ताठ उभी होते. मग रस्त्यातच खाली बसले आणि मोठमोठ्यानं रडले.